तेवीसशे रुपयांचं गाडीचं इमर्जन्सी किट: काय ठेवलं, काय काढलं

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हीच काळी चौकोनी पिशवी, हीच लाल पट्टी आणि आतलं हेच सामान ऑनलाइन कितीतरी नावांनी विकायला आहे, पिशवीवरचा शिक्का तेवढा बदलतो. फोटो तुम्हीही बघितला असेल. छापील किंमत छत्तीसशे, दिवाळीच्या सेलमध्ये मला तेवीसशेला पडलं.

मी जालन्यात राहते, एका बियाणे कंपनीत आहे. देऊळगाव राजा, सिंदखेडराजा, मेहकर, लोणार या पट्ट्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन मोठं चालतं. ते प्लॉट बघत फिरणं हे माझं काम. गाडी जुनी डिझेल हॅचबॅक, आणि बहुतेक वेळा मी एकटीच. सकाळी समृद्धी महामार्गावर 120 ची मर्यादा असलेला काँक्रीट रस्ता, तर दुपारी कुणाच्या तरी शिवरस्त्यावर काळ्या मातीतली चाकोरी. गाडी अडली तर दोन्हीकडे लागणाऱ्या गोष्टी निराळ्या. किट जमवणाऱ्यानं यातलं एकही ठिकाण पाहिलेलं नसावं, असं मला ते वापरताना वाटत राहिलं.

पिशवीत काय काय होतं ते एकदा सांगते: 12 व्होल्टवर चालणारा हवा भरायचा कंप्रेसर, जंपर केबल, मागच्यांना इशारा म्हणून रस्त्यावर ठेवायचा घडीचा लाल त्रिकोण, ट्यूबलेस पंक्चर किट, ओढायची दोरी, काच फोडायची हातोडी, चमकणारं जॅकेट, टॉर्च, प्रथमोपचाराची डबी, हातमोजे आणि एक प्लास्टिकचा रेनकोट. रेनकोट पहिल्यांदा उघडला तेव्हाच काखेत फाटला, त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आता सामान. सुरुवात चांगल्यापासून करते, म्हणजे पुढे कटकट केली तरी चालेल.

कंप्रेसर खरंच बरा आहे. समृद्धीवर मेच्या उन्हात सिंदखेडराजा सोडून मेहकरकडे जाताना गाडी डावीकडे ओढायला लागली. शोल्डरवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, घेऊन पाहिलं तर पुढच्या डाव्या टायरमध्ये खिळा, हवा हळूहळू जात होती. खिळा काढला नाही. तुम्हीही काढू नका. ट्यूबलेसमध्ये खिळा बसलेला असतो तेव्हा तोच भोक बरंचसं बुजवून असतो. उपटला की पाच मिनिटांत टायर जमिनीला टेकतो. कंप्रेसर लावला, 19 वरून 33 पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) यायला सात-आठ मिनिटं लागली. आवाज असा की फोनवर बोलायची सोय नाही. पण हवा भरली, आणि सत्तरच्या आत ठेवून मेहकरच्या इंटरचेंजला उतरून टायरच्या दुकानापर्यंत गेले. स्टेपनी बदलायची वेळ आली नाही. भर उन्हात, ट्रकांच्या वाऱ्यात, एकटीनं जॅक लावायचा वाचला. माझ्या लेखी तेवीसशेतले हजार-बाराशे तिथेच वसूल.

कंप्रेसरच्या खोड्याही सांगते. वायर तीन मीटर लिहिलेली आहे आणि तेवढी आहेही. पण माझ्या गाडीत सॉकेट गिअरच्या पुढे आहे, त्यामुळे दारातून बाहेर काढून मागच्या डाव्या चाकापर्यंत नेली की नळीसकट वीतभर कमी पडते. घरी अंगणात लावून पाहिलं म्हणून कळलं. मग डिकीतल्या सॉकेटचा शोध घेतला, माझ्या मॉडेलला तो नाही. शेवटी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून दीड मीटरचं एक्स्टेंशन करून घेतलं, त्याला म्हटलं जाड वायर वापरा. कंप्रेसरवर 120 वॉट लिहिलंय, म्हणजे 12 व्होल्टला दहा अँपिअर. बारीक वायर तापते, वितळून शॉर्ट झाली की सॉकेटचा फ्यूज उडतो. फ्यूज उडाला की मोबाइलचं चार्जिंगही गेलं, आणि नेमकं तेव्हाच ते लागतं. म्हणून फ्यूज बॉक्समध्ये त्याच अँपिअरचा एक जादा फ्यूज खोचून ठेवलाय. हवा भरताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर टायर वाचवता वाचवता बॅटरी उतरायची. दहा मिनिटांच्या वर सलग चालवू नका, असं त्याच्याच कागदावर लिहिलंय. मोटर हाताला चटका देण्याइतकी गरम होते, ते खोटं नाही.

त्याचा आकडा मात्र दुकानातल्या मीटरपेक्षा तीन पीएसआय जास्त दाखवतो. आमच्या टायरवाल्या काकांकडे दोन्ही लावून पाहिलं. काका म्हणाले, "ताई, याच्यात 36 दिसलं की आपलं 33 समजायचं." मार्करनं कंप्रेसरवर तसं लिहून ठेवलंय. गाडीला किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेलं असतं, थंड टायरचं माप. लांब पळवून आल्यावर आकडा दोन-चारनं वर दिसतो, तो बघून हवा सोडू नये.

आता त्रिकोण. इथे माझा राग सुरू होतो.

त्या दिवशी तो उघडला. तीन पट्ट्या, बटणासारखं एकमेकांत अडकवायचं, खाली चार बारीक तारेचे पाय. उभा केला. पहिला कंटेनर गेला, त्रिकोण आडवा. पुन्हा उभा केला, पायाशी बॅरिअरजवळचा खडीचा तुकडा ठेवला. दुसरा ट्रक गेला तेव्हा नुसता आडवा झाला नाही, घसरत शोल्डरच्या कडेला गेला आणि एक पट्टी सुटली. ती पट्टी परत अडकवायला मी वाकलेली, माझी पाठ रस्त्याकडे. अशा रस्त्यावर असं वाकून बसणं म्हणजे गाडी बंद पडण्यापेक्षा मोठं संकट. तो उभा करायचा नाद सोडला आणि बॅरिअरच्या पलीकडे गेले.

हिशेब साधा आहे. 120 च्या वेगानं येणारी गाडी सेकंदाला 33 मीटर कापते. शहरात आपण सांगतो तसा त्रिकोण 50 मीटरवर ठेवला तर मागच्याला दीड सेकंद मिळतो. दीड सेकंदात डुलकीत असलेल्या ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पोचतही नाही. समृद्धीसारख्या रस्त्यावर तो शंभर-दीडशे मीटर मागे हवा, आणि तिथवर शोल्डरवरून नाही, बॅरिअरच्या बाहेरून चालत जायचं. घाटात वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला गाडी दिसायच्या आधी त्रिकोण दिसला पाहिजे. आणि ठेवून झाला की गाडीत येऊन बसायचं नाही. एसी लावून शोल्डरवर थांबलेली कुटुंबं मी या रस्त्यावर पाहते तेव्हा पोटात गोळा येतो.

गाडीबरोबर कंपनीनं दिलेला त्रिकोण स्टेपनीच्या खालच्या खणात पडून होता, तो काढून पाहिला. बूड पत्र्याचं, जड, दुप्पट रुंद. अंगणात पेडेस्टल फॅन पूर्ण वेगात लावून दोन्ही समोर ठेवले. किटमधला लगेच पडला, कंपनीचा हलला पण उभा राहिला. पिशवीत आता तोच आहे. तुमच्या गाडीत कंपनीचा आहे का ते आधी डिकीत बघा, बहुतेकांकडे असतो आणि बहुतेकांनी त्याची पिशवीसुद्धा उघडलेली नसते.

जॅकेट उत्तम. लिहिताना मलाच नवल वाटतंय. पट्ट्या खऱ्या रिफ्लेक्टिव्ह आहेत. रात्री गल्लीच्या टोकाला नवऱ्यानं अंगात घालून उभं राहायचं आणि मी दुसऱ्या टोकाहून डिपर मारायचा, असा प्रयोग केला. पार टोकापर्यंत चमकलं. शेजारच्या काकू गॅलरीत येऊन "काय चाललंय गं तुमचं?" म्हणाल्या ते वेगळं. फक्त हे जॅकेट डिकीत ठेवण्यात अर्थ नाही. गाडी थांबल्यावर पहिलं पाऊल बाहेर पडायच्या आधी ते अंगात हवं, म्हणून सीटच्या मागच्या खिशात ठेवलंय.

हीच गोष्ट हातोडीची, आणि इथे मला किट विकणाऱ्याची खरोखर कमाल वाटते. काच फोडायची हातोडी आणि बेल्ट कापायचं पातं त्यांनी चेनच्या पिशवीत, पिशवी डिकीत, असं दिलंय. माहितीपत्रकात डिकीत नीट बसवलेल्या पिशवीचा फोटोही आहे. गाडी उलटलीय, दार दबलंय, बेल्ट अडकलाय, आणि माणूस डिकीतून हातोडी आणणार?

1 जुलै 2023 च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली, 25 माणसं गेली. बस दाराच्या बाजूवर पडली होती. वाचलेल्यांतले काही जण खिडकीची काच फोडून बाहेर आले. आमच्या भागात ही गोष्ट कुणी विसरलेलं नाही. त्या टप्प्यावरून जाताना आजही गाडीतलं बोलणं थांबतं. म्हणून या एका वस्तूची परीक्षा जरा नीट घेतली.

गॅरेजवाल्याकडे भंगारात निघालेली जुनी गाडी होती, तिच्या दारांच्या काचा फोडायची परवानगी मागितली. तो हसला, पण गॉगल घाल म्हणाला आणि स्वतः लांब उभा राहिला. किटमधल्या हातोडीचं टोक गोलसर. काचेच्या मधोमध मारलं, ठप्प. पुन्हा मारलं, ठप्प, हाताला झिणझिण्या. खालच्या कोपऱ्यात मारलं तेव्हा चौथ्या की पाचव्या फटक्याला काच फुटली. मग गॅरेजवाल्याकडची स्प्रिंगवाली घेतली, बोटाएवढी, काचेला टेकवून नुसती दाबायची. कोपऱ्यात लावली, टक् असा आवाज, आणि सगळी काच क्षणात पांढरी होऊन दाण्यादाण्यांनी खाली आली. जोर काहीच लावावा लागला नाही. बुडत्या गाडीत पाण्याखाली हातोडी फिरवताच येत नाही म्हणतात, ते मला तिथे पटलं. दाबायला मात्र अंगठा पुरतो. पुढच्या काचेवरही लावून पाहिली, नुसता तारा उमटला. पुढची काच दोन थरांत मधे प्लास्टिक घालून केलेली असते, ती फुटून पडत नाही. तिच्या नादी लागायचं नाही, बाजूची काच धरायची. हल्ली काही महाग गाड्यांना बाजूलाही तसलीच लॅमिनेटेड काच येते. काचेच्या कोपऱ्यातल्या बारीक शिक्क्यावर टेम्पर्ड की लॅमिनेटेड ते लिहिलेलं असतं, आपल्या गाडीचं एकदा वाचून ठेवा.

स्प्रिंगवाली दोनशेच्या आत मिळाली. चावीच्या जुडग्याला लावा असा सल्ला देतात, मी नाही लावली. आता बऱ्याच गाड्यांना चावी पर्समध्येच राहते, आणि पर्स उलटलेल्या गाडीत कुठे सापडायची? बेल्टच्या बाजूच्या खांबाजवळ, डाव्या हातानंही आणि उजव्या हातानंही पोचेल अशी वेल्क्रोनं चिकटवलीय. पातं मात्र किटचंच ठेवलं, जुन्या बेल्टचा तुकडा त्यानं सरळ कापला.

जंपर केबल. पाकिटावर 500 अँपिअर. हातात घेतली तर लाल-काळं रबर अंगठ्याएवढं जाड, म्हणून आधी समाधान वाटलं. डिसेंबरात नणंदेच्या गाडीची बॅटरी उतरली तेव्हा लावली. माझी गाडी शेजारी, इंजिन चालू, पाच मिनिटं थांबलो, तिनं चावी फिरवली. कर्र... कर्र... बंद. चिमटे हाताला तापलेले लागले. घरी येऊन टोकाकडचं रबर ब्लेडनं सोललं तर आतली तार पेन्सिलीच्या शिसाहून थोडी जाड, बाकी सगळं रबर. तारेवरून ब्लेड घासलं की तांब्याचा रंग निघून खाली पांढरी ॲल्युमिनियम. थंडीत इंजिन सुरू व्हायला शंभराच्या वर अँपिअर लागतात, डिझेलला तर त्याहून जास्त. ही तार तेवढं कुठून पोचवणार?

मोंढ्याजवळच्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्यानं तांब्याची वेल्डिंग केबल कापून, पितळी चिमटे डाखून, आठ-आठ फुटांची जोडी करून दिली. जड आहे, पण नणंदेची गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. लावायचा क्रम पिशवीच्या झाकणाच्या आत कागदावर लिहून चिकटवलाय: आधी लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, त्याचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मग काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा उतरलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून तो लांब. काढताना उलट्या क्रमानं. किटच्या कागदावर शेवटचाही चिमटा थेट बॅटरीवर दाखवलाय. यावर तर विकणाऱ्याला मेल केला, उत्तर आलं, "आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल धन्यवाद."

दोरीचा किस्सा जुलैमधला. देऊळगाव राजाच्या पलीकडे एका मिरचीच्या शेडनेटवर गेले होते, तासाभरात पाऊस झाला आणि परतताना गाडी काळ्या मातीत बसली. या मातीत ॲक्सिलेटर दाबला की चाक फक्त स्वतःचा खड्डा खोल करतं, तेव्हा मी इंजिन बंद केलं आणि शेतकरी भाऊंना हाक मारली. ते ट्रॅक्टर घेऊन आले. मी ऐटीत पिशवीतून दोरी काढली, पाकिटावर तीन टन लिहिलेली. भाऊंनी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, या दोरीनं शेळी बी थांबायची नाही." मी म्हटलं लावून तर बघू. ट्रॅक्टर हलला, दोरी ताणली, आणि तुटली नाही. तिचा हूक सरळ झाला. नशीब, सुटून काचेवर नाही आला. मग ट्रॅक्टरच्या साखळीनं काढली. त्या वेळी एक उपयोगी गोष्ट कळली: पुढच्या बंपरवर एक छोटं चौकोनी झाकण असतं, ते काढून आत फिरवून बसवायचा लोखंडी हूक कंपनी जॅकबरोबर देते. गाडी ओढायची ती त्याला. भाऊ सवयीनं खालच्या ॲक्सलच्या दांडीला साखळी बांधायला निघाले होते, तसं केलं असतं तर पन्नास रुपयांची मदत पंधरा हजारांत गेली असती.

समृद्धीवर मात्र दोरीचा विषयच नको, तिथे दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेणं म्हणजे दोन गाड्या धोक्यात. तिथे हेल्पलाइनला फोन करून क्रेन मागवायची. 1033 हा राष्ट्रीय महामार्गांचा नंबर. समृद्धी एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे आणि त्याचा हेल्पलाइन नंबर रस्त्यावरच्या फलकांवर आहे, तो आधीच फोनमध्ये घालून ठेवा. कुणाला लागलं असेल तर 108, बाकी कशालाही 112. फोन करताना पहिलं वाक्य किलोमीटरच्या पाटीचा आकडा आणि आपण नागपूरकडे चाललोय की मुंबईकडे एवढंच सांगा. "मेहकरच्या अलीकडे" म्हटलं की पुढची दहा मिनिटं प्रश्नोत्तरांत जातात, कारण अलीकडे म्हणजे कुणाच्या अलीकडे?

पंक्चर किट: भोक मोठं करायच्या कानशीची प्लास्टिक मूठ टायरवाल्या काकांच्या हातात पहिल्या जोरात फिरली, आतली सळई जागच्या जागी. काकांकडून लोखंडी टी-मूठ असलेलं घेतलं. ते वापरायला ताकद लागते हे खरं, माझ्यानं घरी जुन्या टायरवर दोन्ही हातांनी, गुडघा टेकवून जमलं. पण साइडवॉलला (टायरच्या बाजूला) चीर असेल तर पंक्चरची रबरी दोरी भरायचा प्रयत्नही करू नका, तो टायर गेला. माझ्या भावाच्या नव्या गाडीत तर स्टेपनीच नाही, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दिलं की ऑक्टोबर 2020 पासून नियमानं स्टेपनी नसली तरी चालते. त्याला विचारलं, तुझं ते किट कुठंय? त्याला डिकीचा मजला उचलता येतो हेच माहीत नव्हतं.

या किटमध्ये नसलेली आणि मला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट म्हणजे लांब पाना. टायरवाले हवेच्या गननं नट असे आवळतात की कंपनीनं दिलेल्या वीतभर पान्यावर मी उभी राहिले तरी हलत नाहीत. आणि उभं राहायचं झालं तर गाडी जमिनीवर असतानाच. जॅकवर चढवल्यावर जोर लावला की गाडी जॅकवरून घसरते. अधिकच्या खुणेसारखा चार तोंडांचा पाना घेतला, चारशेला. दोन्ही हात लावता येतात, माझ्या वजनाच्या बाईला पुरतं. त्याहून सोपा उपाय काकांनी सांगितला: गन वापरून झाली की सगळे नट त्यांनी माझ्यासमोर हातपान्यानं एकदा सैल करून पुन्हा बेतानं आवळून दिले. आता प्रत्येक वेळी मी तेच सांगते, काका कुरकुरतात आणि करतात. जाता जाता स्टेपनीतली हवाही बघतात, तिच्यात एकदा बारा निघाली होती. टायरवरचे चार आकडेही वाचायला त्यांनीच शिकवलं. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. माझी स्टेपनी गाडीएवढीच म्हातारी निघाली, नक्षी नवी कोरी, रबर कडक. बदलली.

टॉर्चबद्दल: प्रकाश ठीक, पण हातात धरावी लागते, मग नट कोणत्या हातानं फिरवायचे? आमच्याकडे रात्रीच्या लाइटीला पिकाला पाणी द्यायला जाणारे शेतकरी डोक्याला पट्ट्यानं बांधतात ती चार्जिंगची बॅटरी मोंढ्यात अडीचशेला मिळते. सापापासून पायवाटेपर्यंत सगळं दाखवते. ती घेतली. किटची टॉर्च लेकानं पळवली, तीत उन्हाळ्यात सेल फुटून हिरवं पाणी आलं होतं, ते त्यानंच घासून काढलं.

प्रथमोपचाराची डबी उघडून बघताना हसू आलं. बोट कापलं तर लावायच्या पट्ट्या डझनभर, आणि रक्त थांबवायला दाबून धरता येईल असं एकही मोठं गॉज नाही. कात्रीनं कागदही चुरगळतो. डबी ठेवली, आत भरलं ते असं: मोठी गॉजची पाकिटं, दोन क्रेप बँडेज, रबरी हातमोजे, ओआरएस. गोळ्या गाडीत ठेवत नाही. मेमध्ये उभ्या गाडीची डिकी उघडली की आतली हवा तोंडावर येते, तिच्यात महिनाभर राहिलेल्या बीपीच्या गोळीवर माझा भरवसा नाही. त्या पर्समध्ये. आणि मागच्या सीटखाली पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, समृद्धीवर हॉटेल येईल येईल म्हणत तासभर जातो.

आग विझवायचं सिलिंडर किटमध्ये नव्हतंच. एक किलोचं एबीसी पावडरचं (निरनिराळ्या प्रकारच्या आगींवर चालणारं), आयएसआय खूण बघून घेतलं, ड्रायव्हर सीटच्या खाली पट्ट्यानं बसवलं. काटा हिरव्यात आहे का ते दर महिन्याला बघते. दुकानदारानं एकच गोष्ट बजावली: बॉनेटमधून धूर येत असेल तर बॉनेट सताड उघडायचं नाही, फटीतून मारायचं, आणि दहा-पंधरा सेकंदांत आटोक्यात आलं नाही तर सिलिंडर टाकून लांब पळायचं.

एवढं सगळं झाल्यावर गुण: कंप्रेसरला चार, जॅकेटला पाच, पात्याला तीन. पिशवीला चार, चेन मजबूत आहे आणि वेल्क्रोमुळे ती डिकीत सरकत नाही. हातमोजेही ठीकच, तीन. बाकी सगळ्याला शून्य. किट म्हणून पाचात दोन. मूळचे तेवीसशे आणि वर बदललेल्या सामानाचे जवळपास चार हजार गेले, स्टेपनीचा टायर वेगळा.

नणंदेनं लिंक मागितली, मी दिली नाही. हाच कंप्रेसर सुटा तेराशेला मिळतो, आणि जॅकेट हार्डवेअरच्या दुकानात दीडशेला. बाकीच्यासाठी शनिवारी तिला घेऊन मोंढ्यात जातेय. तिची गाडी पेट्रोल आहे, तर केबल थोडी बारीक चालेल का, ते तिथे विचारायचंय.